आईबापाची गरज आणि कल्याणाची भाषा

'ह्या लोकांना मुलांची पर्वाच नसते.' गरीब आईबापाविषयी हे वाक्य आपल्याकडे किती सहजपणे उच्चारले जाते! शाळेच्या स्टाफरूममध्ये ते ऐकू येते, सरकारी कचेरीत ऐकू येते, आणि आपल्यातल्याच शिकून नोकरीला लागलेल्या माणसांच्या तोंडीही ते आता येऊ लागले आहे. माझ्या बापाला ते ऐकावे लागले तेव्हा मी पाचवीत होतो. दिवाळीनंतर मायबाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला गेले. त्यांच्याबरोबर मीही गेलो. चैत्रात गावी परतलो तर शाळेच्या पटावर माझे नाव राहिले नव्हते. बाप मला घेऊन शाळेत गेला. गुरुजी म्हणाले, "तुम्हा लोकांना लेकरांची पर्वाच नाही. शिक्षणाची काळजी होती, तर पोराला बरोबर नेलंच कशाला?" बाप काही बोलला नाही.

त्याच्याजवळ उत्तर नव्हते असे नाही. आजी वारली होती. चुलता दुसऱ्या मुकादमाच्या टोळीत गेला होता. धाकटी बहीण दीड वर्षाची होती आणि फडात तिला सांभाळायला कोणीतरी लागणार होते. हे सारे तो सांगू शकला असता. पण गुरुजींना ते जाणून घ्यायचे नव्हते. त्यांनी प्रश्नाच्या रूपात निकाल देऊन टाकला होता.

आज मी महाविद्यालयात शिकवतो. दर हंगामात माझ्याही वर्गातली काही बाके रिकामी होतात, आणि त्या बाकांवरच्या मुलांविषयी बोलताना माझ्या सहकाऱ्यांच्या तोंडी तेच वाक्य येते. म्हणून पालकांच्या गरजांविषयी जे संशोधन झाले आहे ते मी मिळेल तसे वाचत आलो. अंगणवाडी, पाळणाघर, वसतिगृह, मातृत्वाचे अनुदान अशा कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवांच्या दृष्टीने त्या संशोधनाचा अर्थ काय होतो, हे कार्यकर्त्यांपुढे, विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे मांडावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

१. दोष शोधणारे संशोधन

गरीब कुटुंबाचा अभ्यास करण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत अभ्यासक आधी ठरवतो की कुटुंबातच काहीतरी बिघाड आहे, आणि मग तो बिघाड मोजत जातो. दुसऱ्या रीतीत तो आईबापाजवळ बसतो आणि विचारतो, तुमचे कोठे अडते? ह्या दोन रीतींतून निघणाऱ्या सेवाही अगदी वेगळ्या असतात.

पहिल्या रीतीचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. १९६५ साली तेथील श्रमखात्यातील एक अधिकारी डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी काळ्या लोकांच्या कुटुंबसंस्थेवर एक अहवाल लिहिला. गुलामगिरीचा इतिहास आणि बेकारी यांचा उल्लेख त्यात होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु अहवालाचा भर राहिला तो कुटुंबाच्या विस्कळीतपणावर: बाप घरात नाही, घर बाई चालवते, म्हणून मुले बिघडतात. वर्तमानपत्रांनी आणि राजकारण्यांनी नेमके तेवढेच उचलले. विल्यम रायन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली ह्या विचारपद्धतीवर एक पुस्तकच लिहिले. अन्यायाच्या बळीलाच अन्यायाचे कारण ठरवण्याची ही युक्ती आहे, हे त्याने उघड करून दाखवले. आपल्याला ही युक्ती नवीन नाही. अस्वच्छ कामे एका समूहावर लादायची आणि मग त्यालाच अस्वच्छ म्हणायचे, हा उद्योग आपल्या समाजव्यवस्थेने शतकानुशतके केला आहे.

दुसऱ्या रीतीचे उदाहरणही त्याच देशात सापडते. कॅरल स्टॅक ही मानववंशशास्त्राची अभ्यासक एका शहरातल्या गरीब काळ्या वस्तीत राहिली. १९७४ साली तिचे पुस्तक आले. बाहेरून जी घरे मोडलेली दिसत होती, त्यांच्यामध्ये तिला एक दाट जाळे आढळले. एकीचे मूल दुसरी सांभाळत होती. आज हिच्याकडचे पैसे तिच्याकडे जात, उद्या तिच्याकडचे धान्य हिच्याकडे येई. सख्खे-चुलत यांच्या पलीकडे जाऊन नाती जोडली जात होती. तगून राहण्यासाठी लोकांनी आपले आपण उभे केलेले हे साधन होते. ज्या सेवेला हे जाळे दिसत नाही ती मदतीच्या नावाखाली ते तोडून टाकते.

ज्या चळवळीच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले, त्या ब्लॅक पँथरचा एक कार्यक्रम येथे आठवतो. १९६९ च्या आरंभी ओकलंड शहरात त्यांनी शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू केली. मुले उपाशीपोटी शाळेत जातात, हे वस्तीतल्या आयांना ठाऊक होते आणि कार्यकर्ते त्याच वस्तीत राहणारे होते. 'मुलांना पौष्टिक न्याहारी कशी द्यावी' यावर त्यांनी आयांना व्याख्याने दिली नाहीत. आपण पँथरचा आवेश घेतला. ही न्याहारीची थाळी मात्र आपल्या चर्चेत फारशी आली नाही.

२. टंचाई माणसाचे काय करते

आता कोणी म्हणेल, अमुक बाप दारू पितो, अमुक आई मुलावर खेकसते, हे काय खोटे आहे? खोटे नाही. ते झाकून ठेवण्याचेही कारण नाही. प्रश्न हा आहे की ह्या वागण्याचे मूळ कोठे शोधायचे.

२०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आपल्या देशातला आणि योगायोगाने उसाशीच संबंधित आहे. आनंदी मणी, सेंधिल मुलैनाथन, एल्डर शाफिर आणि जियायिंग झाओ या संशोधकांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस-उत्पादक शेतकऱ्यांची बुद्धीची व एकाग्रतेची चाचणी घेतली, एकदा ऊस जाण्याआधी आणि एकदा ऊस जाऊन पैसे हाती आल्यानंतर. माणसे तीच होती. तरीही ऊस जाण्याआधी, म्हणजे घरात चणचण असताना आणि चीजवस्तू गहाण पडलेल्या असताना, त्यांना चाचणीत कमी गुण मिळाले. पैशाची विवंचना माणसाच्या लक्षाचा मोठा भाग खाऊन टाकते, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. ह्या अभ्यासावर वादही झाले. शिवाय हे शेतकरी उसाचे मालक आहेत, ऊस तोडणारे नव्हेत. परंतु ज्याच्याकडे स्वतःचे शेत आहे त्याची ही अवस्था होत असेल, तर मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी सहा महिने राबणाऱ्या बापाच्या डोक्यात मुलाच्या गृहपाठासाठी किती जागा उरत असेल?

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना राज्यातला. जेन कॉस्टेलो आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून तेथील १४२० मुलांच्या मानसिक आरोग्याची नोंद ठेवत होते. त्यांत सुमारे चतुर्थांश मुले तेथील मूळ रहिवासी समाजाची होती. अभ्यास चालू असतानाच चेरोकी जमातीच्या भूमीवर एक जुगारगृह उघडले आणि त्याच्या नफ्याचा वाटा जमातीतल्या प्रत्येक कुटुंबाला मिळू लागला. कुटुंबांनी काही सिद्ध करून दाखवावे, कोणत्या वर्गाला हजर राहावे, अशी अट नव्हती. काही कुटुंबे दारिद्र्यातून वर आली, आणि त्यांच्या मुलांमधला दांडगटपणा, बेशिस्त, भांडखोरपणा कमी झाला. २००३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खिन्नता किंवा भीती यांसारख्या त्रासांत तसा फरक पडला नाही, हेही संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदवले. पण वागणूक का सुधारली याचा शोध घेता जे कारण पुढे आले ते फार साधे होते: आईबापाला मुलांकडे लक्ष द्यायला सवड मिळू लागली. म्हणजे ज्या दोषाबद्दल आपण आईबापाला उपदेश करतो, तो दोष हातात चार पैसे आणि दिवसात चार तास येताच पुष्कळसा कमी झाला.

३. अंगणवाडी आणि फड

ह्या कसोटीवर आता आपल्या सेवा घासून पाहू. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिने ठरवलेल्या सेवा सहा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, पुढील उपचारांसाठी पाठवणी, शाळापूर्व शिक्षण आणि मातांना पोषण व आरोग्याचे शिक्षण. अंगणवाडीने आपल्या वस्त्यांमध्ये मोठे काम केले आहे. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या अंगणवाडीच्या बाईला मी येथे दोष देत नाही. परंतु ही यादी नीट वाचावी. आई मजुरीवर असताना मूल दिवसभर कोण सांभाळणार, ह्या प्रश्नाला ह्या सहांपैकी एकाही सेवेत उत्तर नाही. अंगणवाडी काही तास भरते. मजुरीचा दिवस मात्र उजाडण्याआधी सुरू होतो. आईला शिकवण्याची तरतूद योजनेत आहे, तिला मोकळी करण्याची नाही.

ऊसतोडीच्या कुटुंबाकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, दरसाल लाखो माणसे सुमारे सहा महिन्यांसाठी बाहेर पडतात. त्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, मोठ्या संख्येने आपली दलित कुटुंबे आहेत. 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल त्या जोडीवर मिळते; एकटे माणूस अर्धा कोयता. म्हणून बाळंतीण असली, आजारी असली, तरी बाईला जावेच लागते. पहाटे अंधारात फडावर पोचायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून नेऊन गाडी भरायची. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. तान्हे मूल पाचटावर निजवलेले असते आणि आठ-दहा वर्षांची बहीण त्याची राखण करते. एक दिवस कामाला गेले नाही तर तो खाडा. त्या दिवसाची मजुरी बुडते आणि वर दंड कापला जातो.

ह्या व्यवस्थेने बाईच्या शरीराची काय किंमत घेतली, ते २०१९ साली उघड झाले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या महिलांत हेच प्रमाण देशभरात सुमारे तीन टक्के होते. तुलना काटेकोर नसली तरी अंतर डोळ्यांत भरणारे आहे. पाळीच्या दिवसांत फडावर पाणी नाही, आडोसा नाही, आणि खाडा परवडत नाही. अशा स्थितीत दुखण्यावर उपचार घेण्याऐवजी गर्भाशयच काढून टाकण्याचा सल्ला बाईला 'सोयीचा' वाटू लागतो. येथे आरोग्यशिक्षणाचा कोणता तक्ता कामाला येणार?

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. गावी मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे सुरू झाली. २०२१ साली संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना आली. मला असे वसतिगृह मिळाले असते तर पटावरचे माझे नाव गेले नसते. परंतु ह्या सर्व योजना शाळकरी मुलासाठी आहेत. सहा वर्षांखालचे मूल आईपासून तोडता येत नाही. ते फडातच जाते. आणि त्याला सांभाळण्यासाठी जी बहीण जाते, तिच्या नावाने वसतिगृहात खाट ठेवली तरी ती रिकामीच राहते. धाकट्याची सोय झाल्यावाचून थोरलीची शाळा होत नाही. कुटुंबाची गरज अशी एकमेकींत गुंतलेली असते. योजना मात्र वयोगट पाहून, खाते पाहून सुटी सुटी केलेली असते.

४. नुसते विचारणे पुरेसे आहे काय?

मग आईबापाला विचारावे, यादी करावी आणि ती पुरवावी, एवढे सोपे आहे काय? मी मागे मायला विचारले, "फडात असताना तुला काय पाहिजे होतं?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पाण्याचं टँकर येळंवर आलं असतं, तर बरं झालं असतं." पंधरा हंगाम तोडणी केलेली बाई! तिने पाळणाघर मागितले नाही, बाळंतपणाची पगारी रजा मागितली नाही. असे काही कोणी देत असते, हेच तिच्या अनुभवात कधी आले नव्हते.

दीर्घकाळ वंचित राहिलेली माणसे आपल्या इच्छाही परिस्थितीच्या मापाने कापून लहान करतात, हे अमर्त्य सेन यांनी आपल्या लेखनातून पुष्कळदा मांडले आहे. गडचिरोलीत राणी बंग, अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात हे प्रत्यक्ष दिसते. दोन खेड्यांतल्या ६५० महिलांची त्यांनी तपासणी केली. त्यांतल्या ९२ टक्के महिलांना स्त्रीरोगाचा एक ना एक त्रास होता आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या महिला होत्या अवघ्या ८ टक्के. हा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. तोवर ग्रामीण बाईच्या आरोग्याचा विचार बव्हंशी कुटुंबनियोजन आणि बाळंतपण यांपुरताच होत असे. दुखणे सोसणे हा बाईचा धर्मच, असे बाईही मानत होती आणि दवाखानाही मानत होता.

म्हणून गरजांचे संशोधन म्हणजे छापील तक्त्यातल्या रकान्यांवर खुणा करणे नव्हे. विचारावे लागते, तपासावे लागते, आणि काय मिळू शकते हेही लोकांपुढे ठेवावे लागते. मी मायला दुसऱ्यांदा विचारले तेव्हा आधी फिरत्या पाळणाघरांची हकीकत सांगितली. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामाच्या जागीच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केले. काम जेथे जाईल तेथे पाळणाघर जाते. पुढे मुंबई-पुण्याकडेही हे काम पसरले. ऐकून ती म्हणाली, "मग ते आमच्या कोप्यांवर का न्हाई आलं?" पहिल्यांदा तिने टँकर मागितला होता. आता ती जाब विचारत होती.

५. खर्च कोणी सोसायचा?

या 'का नाही'चे उत्तर शोधताना बाबासाहेबांकडे वळावेच लागते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतीच्या रजेचे विधेयक आले असता त्यांनी त्याला पाठिंबा दिला. त्यांची मांडणी अशी होती की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, म्हणून ह्या खर्चाचा भार शासनाने उचलला पाहिजे. परंतु बाईला कामावर ठेवून मालक लाभ मिळवतो, तेव्हा त्यालाही जबाबदारीतून सुटता येणार नाही. १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. कामगार स्त्री अडाणी आहे, तिला बालसंगोपन शिकवा, असा सूर ह्या मांडणीत कोठेही नाही. तिच्या श्रमाचा लाभ कोणाला होतो आणि म्हणून देणे कोणाकडे निघते, एवढाच हिशेब त्यांनी मांडला.

२०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. ऊस तोडणाऱ्या बाईला यातले काय मिळाले? तिला मालकच नाही! कारखाना म्हणतो, ही वाहतूक ठेकेदाराची माणसे. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी तर नुसती उचल वाटली. तिने तोडलेल्या उसाच्या टनाटनाची नोंद कारखान्याच्या काट्यावर होते. तिचे स्वतःचे नाव पुष्कळदा कोठेच नसते.

म्हणून पालकांच्या गरजांविषयीच्या संशोधनातून आपल्या सेवांसाठी मला चार गोष्टी निघताना दिसतात. पहिली, मजुरी, सवड, पाणी, औषध आधी आणि उपदेश नंतर. पोट आणि झोप यांची सोय झाल्यावर आईबाप मुलाविषयीचा सल्ला आवडीने ऐकतात. त्याआधी दिलेला सल्ला त्यांना अपमानासारखा लागतो. दुसरी, सेवा कुटुंबाच्या मागे चालली पाहिजे. गावातल्या अंगणवाडीत नाव आणि मूल दोनशे मैलांवर, अशी सेवा कागदावरच राहते. कोप्यांच्या तळावर, तोडणीच्या वेळेनुसार उघडणारे पाळणाघर हवे, आणि ते चालवायला टोळीतलीच एखादी बाई पगारावर हवी. तिसरी, नवरा आणि बायको यांची नोंद स्वतंत्र नावाने झाली पाहिजे. त्यावाचून खाड्याचा दंड, बाळंतपणाची मजुरी, अपघाताची भरपाई यांपैकी कशाचीच मागणी उभी राहत नाही. चौथी, कुटुंबाची माहिती गोळा करणाऱ्याने ती कुटुंबाच्या विरुद्ध वापरू नये. ज्या आईने विश्वासाने सांगितले की 'पोरीला शाळेतून काढलं', तिचे ते वाक्य अहवालात तिच्या बेफिकिरीचा पुरावा म्हणून छापले जाता कामा नये.

हे सारे एका शिक्षकाच्या हातात नाही, हे मी जाणतो. पण काही गोष्टी आहेत. हंगाम सुरू होण्याआधी, टोळ्या ठरत असतानाच, आपल्या शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी वस्तीत जावे. कोण चालले आहे, बरोबर किती लहान मुले आहेत, मागे कोण राहणार आहे, हे लिहून घ्यावे. ती यादी ग्रामपंचायतीत, प्रकल्प कार्यालयात आणि कारखान्याच्या शेती विभागात द्यावी, आणि पाळणाघर कोण काढणार हे लेखी विचारावे. उत्तर आले नाही तर त्या न आलेल्या उत्तराचीही नोंद ठेवावी.

आणि त्या वेळी बापाला 'पोराला नेताच कशाला' असे विचारू नये. 'धाकटं कोणाजवळ ठेवणार?' असे विचारावे. माझ्या बापाला हे कोणी विचारले असते, तर तो बोलला असता.